दहा वेळा कॅलिब्रेट करूनही ड्रोनचा कंपास चुकतो, काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी बांधलेला एफ४५० फ्रेमचा ड्रोन, उड्डाण सांभाळणारा पिक्सहॉक बोर्ड, वरच्या प्लेटवर एम८एन जीपीएस, ज्याच्या डबीतच कंपासही असतो. स्टॅबिलाइझ मोडमध्ये (ड्रोन फक्त तोल सांभाळतो, बाकी सगळं हाताने) झकास उडतो, पण लॉइटर मोडला टाकला की आधी लहान आणि मग वाढत जाणारे फेरे मारतो. गच्चीवर दहा वेळा कंपास कॅलिब्रेट केला, फरक नाही. नवीन जीपीएस मॉड्यूल घेऊ का?

इतक्यात घेऊ नका. खरं दुखणं तुमच्या प्रश्नातच दोन ठिकाणी दिसतंय. एक 'गच्चीवर', दुसरं 'दहा वेळा'.

आधी फेरे का मारतो ते. लॉइटरमध्ये ड्रोन एका जागी थांबायचा प्रयत्न करतो. वाऱ्याने दोन मीटर दक्षिणेला सरकला की जीपीएस सांगतो, उत्तरेला परत जा. आता उत्तर कुठे आहे हे त्याला कंपासच सांगणार. कंपास चाळीस अंश चुकला असेल तर तो उत्तर समजून ईशान्येकडे निघतो, पुन्हा चूक दिसते, पुन्हा तिरका निघतो. अशा तिरक्या दुरुस्त्या जोडल्या की गोल तयार होतो. चूक नव्वद अंशांच्या पलीकडे गेली तर तो जागेवर यायच्या नादात जागेपासून पळतच सुटतो. हॉबीवाले याला टॉयलेट बोल म्हणतात, कमोडमध्ये पाणी फिरतं तसं. घाण्याचा बैल म्हणता आलं असतं, पण बैल निदान एकाच वर्तुळात फिरतो.

स्टॅबिलाइझ आणि ऑल्टहोल्डला (जो फक्त उंची धरून ठेवतो) उत्तर कुठे आहे याची फिकीर नसते, म्हणून तिथे तुमचा ड्रोन शहाण्यासारखा वागतो. हे लक्षात ठेवा, कारण फेरे सुरू झाले की करायची गोष्ट एकच: स्विच ऑल्टहोल्डला आणा आणि हाताने उतरवा. आरटीएल, म्हणजे आपोआप घरी परत यायचा मोड, दाबू नका. घरी परत यायला सुद्धा त्याला तोच चुकलेला कंपास लागतो. मी दाबलं होतं. मामाच्या शेतावर पहिलं लॉइटर, ड्रोनने तीन फेरे मारले, मी घाबरून आरटीएलचा स्विच ओढला आणि तो सरळ शेजारच्या आडसाली उसात घुसला. डोक्यावर गेलेला ऊस. ड्रोन शोधायला दोन तास लागले, हात पानांनी कापले ते वेगळंच. शेवटी बॅटरी लो झाल्याचा बझर वाजायला लागला म्हणून सापडला. मामा बांधावर बसून एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी गळ्यात घुंगरू बांध."

तेव्हा माझीही समजूत तुमच्यासारखीच होती, की कंपास चुकतोय म्हणजे कॅलिब्रेशन नीट झालं नाही. पुन्हा करा, पुन्हा करा. पण कॅलिब्रेशनने फक्त तीच चूक निघते जी कायम सारखी असते. फ्रेमवरचा लोखंडी स्क्रू, जीपीएसजवळची एखादी पट्टी, हे ड्रोनबरोबरच फिरतात, त्यांचा परिणाम मोजून वजा करता येतो. थ्रॉटलबरोबर, म्हणजे मोटरना दिलेल्या जोराबरोबर, कमीजास्त होणारी चूक मात्र त्याच्या हातात नाही, कारण कॅलिब्रेट करताना मोटर बंदच असतात. त्यामुळे पहिला प्रश्न हा की तुमची चूक जमिनीवर उभ्या ड्रोनमध्येही आहे, की फक्त उडताना येते?

हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. मोकळ्या मैदानात जा. लॅपटॉपवर मिशन प्लॅनर (ड्रोनच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) उघडा, नकाशा सॅटेलाइटवर ठेवा आणि जवळचा एखादा सरळ रस्ता किंवा बांध निवडा. ड्रोनचं नाक त्या रेषेला लावा आणि नकाशावरची ड्रोनच्या नाकाची दिशा दाखवणारी लाल रेघ रस्त्याला समांतर येते का बघा. मग नव्वद-नव्वद अंशांनी फिरवून चारही दिशांना बघा. मोबाइलच्या कंपासशी ताडू नका, तोही याच रोगाचा पेशंट असतो, शिवाय ड्रोनजवळ धरला तर त्याचं चुंबक तुमचाच आकडा बिघडवतं.

चारही बाजूंना चूक सारखीच, आणि ती नव्वद किंवा एकशेऐंशीच्या आसपास असेल, तर जीपीएस मॉड्यूल उलटं-सुलटं बसलंय किंवा ओरिएंटेशनची सेटिंग चुकली आहे. झाकणावरचा बाण ड्रोनच्या नाकाकडे करा. बऱ्याच स्वस्त मॉड्यूलवर बाणच नसतो, किंवा असतो तो खोटा असतो. दोन दिशांना बरोबर आणि दोन दिशांना वीस-तीस अंश चुकत असेल तर जवळ काहीतरी लोखंडी आहे किंवा कॅलिब्रेशन वाईट जागी झालंय. आणि जमिनीवर चारही दिशा बरोबर, हवेत मात्र फेरे, तर दोष करंटचा. तुमच्या वर्णनावरून मला पहिल्यांदा यावरच संशय येतो.

आकडेमोड करून बघा म्हणजे भीती का घालतोय ते कळेल. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४२-४३ मायक्रोटेस्ला आहे. एफ४५० हॉवर करताना बॅटरीतून १५ ते २० अँपिअर ओढतो. एका सरळ वायरमधून २० अँपिअर जात असतील तर ३ सेंटिमीटरवर जवळजवळ १३० मायक्रोटेस्ला तयार होतात. म्हणजे पृथ्वीच्या तिप्पट! कंपास बिचारा उत्तर दाखवणार कशी, तो तुमच्या बॅटरीची वायर दाखवतोय. आणि थ्रॉटल दिला-काढला की हा आकडा हलत राहतो.

ही भानगड ड्रोनवाल्यांनी पहिल्यांदा पाहिलेली नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालायची. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तसा रुळांतल्या करंटमुळे नोंदी बिघडणार हे उघड झालं. म्हणून १९०४ मध्ये ते काम समुद्रापलीकडे अलिबागला हलवलं, आणि तिथली इमारत मुद्दाम चुंबकाला न लागणाऱ्या दगडाची, लोखंड टाळून बांधली. ट्रामपासून पळायला त्यांना खाडी ओलांडावी लागली. तुम्हाला दहा-बारा सेंटिमीटर वर जायचंय.

म्हणजे जीपीएसची काठी. त्या फोल्डिंग मास्टशिवाय एफ४५० वर कंपास लावूच नये असं माझं मत आहे. वरच्या प्लेटवर डबल टेपने चिकटवलेलं मॉड्यूल दिसायला सुटसुटीत दिसतं, पण त्याच्याखाली बॅटरी, तिची वीज बोर्डाला पुरवणारं पॉवर मॉड्यूल, सगळं कोंबलेलं असतं. दुसरं, बॅटरीपासून पॉवर मॉड्यूलपर्यंतच्या लाल-काळ्या वायरी एकमेकींभोवती पिळा. जाणारा आणि येणारा करंट शेजारी-शेजारी असला की दोघांची क्षेत्रं एकमेकांना जवळपास मारून टाकतात. त्याच वायरींचा मोठा फाकलेला फास झाला, की ते चक्क इलेक्ट्रोमॅग्नेट होतं. फ्रेमच्या बाहेर वळसा घालून आलेली लांब वायर कापून आखूड करायला लोक कचरतात. कापा.

आणखी एक खोच एफ४५० मध्येच आहे. त्याची खालची प्लेट हीच पॉवर डिस्ट्रिब्युशन बोर्ड असते, चारही ईएससींचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटांचा) करंट तिच्यातून जातो. पिक्सहॉकच्या आतही एक कंपास असतो, आणि तो बसतो बरोबर त्या प्लेटच्या डोक्यावर. बाहेरचा कंपास काठीवर चढवून तुम्ही शांत केलात तरी आतला ओरडतच राहणार. मिशन प्लॅनरच्या कंपास पानावर आतल्याची 'यूज' खूण काढून टाका. दोन कंपास एकमेकांशी पटत नाहीत असा प्री-आर्म, म्हणजे मोटर सुरू होण्याआधीच्या तपासणीचा (आर्मिंग चेकचा), मेसेज येतो तो बहुतेकदा यामुळेच. तो मेसेज घालवायला आर्मिंग चेकच शून्य करून टाकायचा सल्ला काही जण देतात. कृपा करून ऐकू नका. धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याचा सेल काढण्यातला प्रकार आहे तो.

आता स्क्रूचं. माझ्या ड्रोनवर काठी लावून, वायरी पिळूनही दोन दिशांना पंधरा अंशांची चूक राहिली होती. मिशन प्लॅनरच्या स्टेटस टॅबमध्ये एमएक्स, एमवाय, एमझेड आणि मॅगफील्ड असे आकडे धावत असतात. मॅगफील्ड, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची एकूण ताकद, मिलिगॉसमध्ये असतो (दहा मिलिगॉस म्हणजे एक मायक्रोटेस्ला), महाराष्ट्रात तो चारशेच्या थोडा वर यायला हवा. ड्रोन टेबलावर स्थिर ठेवला आणि सुटे स्क्रू एकेक करून कंपासजवळ नेत बसलो. ॲल्युमिनियमचे स्पेसर, काही नाही. पितळी, काही नाही. मास्टच्या बिजागरीतला बारका काळा स्क्रू नेला आणि आकडा ४१५ वरून ५२० ला उडी मारून गेला. टोकाला चुंबक असलेला स्क्रूड्रायव्हर मीच वापरला होता, त्याने स्क्रूलाही चुंबक करून ठेवलं होतं. नायलॉनचा स्क्रू बसवला, विषय संपला. हीच परीक्षा बझरवर, कॅमेऱ्याच्या गिंबलवर, जे काही जवळ आहे त्यावर करा. लाकडी टेबलावर करा पण, लोखंडी कपाटाशेजारी नाही.

एवढं झालं की मगच कॅलिब्रेशन, आणि तेही गच्चीवर नाही. स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते, आणि तुम्ही ड्रोन फिरवताना तो कधी तिच्याजवळ जातो, कधी लांब. त्या जाळीची चूक ड्रोनच्या नावावर लिहिली जाते आणि तुम्ही ती घेऊन मैदानात जाता. दहा वेळा केलंत म्हणजे दहा वेळा तीच चूक नव्याने लिहिलीत. मातीच्या मैदानात करा, बाइकपासून लांब. घड्याळ, किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा. यूएसबीची शेपटी लावून फिरवण्यापेक्षा टेलिमेट्रीवर (रेडिओ लिंकवर) करा, म्हणजे लॅपटॉपही दूर राहील. बॅटरी उडताना असते तिथेच बांधलेली असू दे. सह्याद्रीत कातळावर करणार असाल तर थांबा, आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं आणि काही ठिकाणी तो जमिनीलगत कंपास चांगलाच फिरवतो.

करंटचा परिणाम किती उरलाय ते कंपासमॉट या चाचणीने कळतं. पंखे उलटे करून एक-एक मोटर पुढे सरकवून लावायचे, म्हणजे ड्रोन वर उडण्याऐवजी जमिनीवर दाबला जातो. तरीही तो फळीला बांधा, फळीवर विटा ठेवा, आणि समोर उभं राहू नका. थ्रॉटल हळूहळू वाढवलात की चूक टक्क्यांत दिसते. तीस टक्क्यांच्या आत असेल तर चालतं, साठपर्यंत धोक्याची सीमा, साठच्या वर उडवूच नका. माझी ७४ होती, काठी आणि वायरींनंतर १८ वर आली. ही चाचणी करंटप्रमाणे दुरुस्तीही साठवते, पण ७४ ला ती मलमपट्टी लावून मोकळं होऊ नका. आधी अंतर वाढवा, उरलेल्यासाठी पट्टी.

'कंपास नॉट हेल्दी' असा मेसेज येत असेल तर प्रकरण वेगळं, तिथे वायर बघा. जीपीएसचा डेटा सिरिअल वायरींवरून येतो, कंपासचा आयटूसीच्या दोन वायरींवरून (एसडीए आणि एससीएल). त्यामुळे सॅटेलाइट चौदा दिसतात म्हणून कंपासही जिवंत असेलच असं नाही. प्लगमध्ये बोट लावून एसडीए-एससीएल हलवून बघा. शिवाय एचएमसी५८८३ म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉड्यूलवर बऱ्याचदा क्यूएमसी५८८३ चिप निघते. दोघींचे पत्ते वेगळे, त्यामुळे बोर्डातल्या जुन्या फर्मवेअरला (आतल्या सॉफ्टवेअरला) ती दिसतच नाही. फर्मवेअर बदला, मॉड्यूल नाही.

(कुणी तयार डब्यातला ड्रोन घेऊन हे वाचत असेल तर: तुमच्या हातात जागा बदलणं आणि ॲपने सांगितलं तरच कॅलिब्रेट करणं एवढंच आहे. प्रत्येक उड्डाणाआधी आरती ओवाळल्यासारखा ड्रोन फिरवायची गरज नसते.)

चाचणीचं उड्डाण असं करा. सकाळी, वारा कमी असताना, आधी दोन मिनिटं ऑल्टहोल्ड. मधे चारदोनदा थ्रॉटल जोरात द्या. उतरवून लॉग (बोर्डाने ठेवलेली उड्डाणाची नोंद) काढा, मॅगफील्ड आणि थ्रॉटलचे आलेख एकावर एक ठेवा. थ्रॉटलच्या प्रत्येक उंचवट्याखाली मॅगफील्डही हलत असेल तर लॉइटर अजून नको, परत वायरींकडे. रेघ सपाट असेल तर पाच-सहा मीटरवर लॉइटर लावा, बोट ऑल्टहोल्डच्या स्विचवरच ठेवा, आणि ड्रोन जागच्या जागी सावकाश पूर्ण एक चक्कर फिरवा. चुकलेला कंपास एका दिशेला शांत राहून दुसऱ्या दिशेला वळल्यावर फेरे सुरू करतो, म्हणून चारही दिशांना दहा-दहा सेकंद थांबा. तरीही फिरला तर लॉग कुठेतरी चढवून लिंक इथे टाका, आणि सोबत वरून काढलेला एक फोटो, ज्यात बॅटरीच्या वायरी दिसतील.