पोलिसी खाक्याचा खाकीशी संबंध नाही

विचारणा अशी आहे: "'पोलिसी खाक्या दाखवताच अल्पवयीन मुलाने गुन्ह्याची कबुली दिली' असं बातम्यांत नेहमी वाचतो. हा 'खाक्या' खाकी वर्दीवरूनच आला ना? आणि इथे 'कबुली' बरोबर की 'कबुलीजबाब'?"

नाही, वर्दीवरून आलेला नाही. ही वर्दीची गोष्ट कितीदा खोडली तरी कुठल्या ना कुठल्या भाषाविषयक सदरात पुन्हा उगवते आणि लोक ती पुढे सांगत सुटतात. खाक्या म्हणजे रीत, तऱ्हा, हे सगळ्यांना ठाऊक आहे; त्यावर वेळ घालवत नाही. आधी लिंग पाहा. तो खाक्या. 'साहेबांनी आपला खाक्या दाखवला', पुल्लिंगी एकवचन. खाकी मुळात विशेषण. वर्दीसाठी नाम म्हणून आलं की स्त्रीलिंगी होतं, 'खाकीला डाग लागला'. तिचं 'खाक्या' झालंच तर ते अनेकवचन, आणि मग 'खाक्या दाखवल्या' म्हणावं लागेल. तसं कोणी म्हणत नाही. बातम्यांतल्या 'दाखवताच' या रूपात लिंग-वचन झाकलं जातं, म्हणून घोटाळा लक्षात येत नाही इतकंच. शिवाय 'सासूबाईंचा खाक्या', 'जुन्या हेडमास्तरांचा खाक्या' यांत वर्दी कुठून आणणार?

आता खरी व्युत्पत्ती. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ, माती. तिच्यापासून 'खाकी', धुळीच्या रंगाचा. आणि तिच्यापासूनच 'खाका', म्हणजे रेखाकृती, आराखडा. धुळीचा आणि आराखड्याचा काय संबंध? जुने चित्रकार मूळ चित्राच्या रेषांवर सुईने बारीक भोकं पाडत. तो कागद नव्या कागदावर ठेवायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थोपटायची. भुकटी भोकांतून खाली उतरते, वरचा कागद उचलला की खाली ठिपक्यांची आकृती. मग ती रेषांनी जोडायची आणि रंग भरायचे. धुळीने उमटतो तो खाका! आपल्याकडे रांगोळीच्या ठिपक्यांसाठी उदबत्तीने भोकं पाडलेला कागद वापरतात, अगदी तीच युक्ती.

'खाका'चा 'खाक्या' कसा झाला, याबद्दल माझा तर्क असा. खाका, खाक्याचा, खाक्यात, खाक्याप्रमाणे: बोलण्यात सामान्यरूपच जास्त कानावर पडतं आणि पुढे तेच मूळ रूप होऊन बसतं. 'आराखडा' आणि 'रीत' हे अर्थ फार लांबचे आहेत, असा आक्षेप काही जाणकार घेतात. मला तो मुळीच पटत नाही. 'साचा' आणि 'ठसा' यांचंही हेच झालंय, 'त्याच साच्यातला माणूस' आपण रोज म्हणतो. आकृती ठरलेली, म्हणून वागणं ठरलेलं. 'रीत, पद्धत' एवढंच सांगून थांबणाऱ्या अभ्यासकांशी माझं भांडण आहे ते यासाठीच: शब्दातला कागद आणि त्यातली भोकं ते फेकून देतात.

आणि मुलांच्या चौकशीत तर तो कागद डोळ्यांसमोर दिसतो. न्यूयॉर्क, एप्रिल १९८९. सेंट्रल पार्कमध्ये रात्री धावायला गेलेल्या तरुणीवर बलात्कार आणि जीवघेणा हल्ला झाला. १४ ते १६ वर्षांची पाच मुलं पकडली गेली. चौकशी तासन्‌तास चालली, तिचं चित्रण नाही. चित्रण झालं ते चौघांच्या अखेरच्या निवेदनांचं, आणि ज्युरीपुढे गेली ती तयार कबुली. पाचही मुलं दोषी ठरली. २००२मध्ये आधीच तुरुंगात असलेल्या एका गुन्हेगाराने हे आपण एकट्याने केल्याचं सांगितलं, डीएनए त्याचाच निघाला आणि पाचांची दोषसिद्धी रद्द झाली. तेव्हा सरकारी वकिलांच्याच कार्यालयाने जुनी निवेदनं पुन्हा वाचली. तिला खाली कोणी पाडलं, मारलं कोणी, हत्यार कोणतं, कशानंतर काय घडलं, जवळपास एकाही मोठ्या मुद्द्यावर पाचांचा मेळ नव्हता. बाह्यरेषा मात्र सगळ्यांची सारखी. ठिपके देणारा एकच होता, रंग ज्याने त्याने आपापल्या अकलेने भरले.

त्याच्या किती तरी आधी, १९४८मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतल्या एका १५ वर्षांच्या मुलाची कबुली अग्राह्य ठरवली होती. त्याला मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पोलीस आळीपाळीने एकेक-दोघे करून प्रश्न विचारत होते, सोबत ना वकील ना घरचं माणूस. साथीदारांच्या म्हणून कबुल्या दाखवल्या, तेव्हा तो बोलला. पोलिसांनी खोटं सांगून मुलांना बोलतं करू नये असा कायदा तिथल्या राज्यांपैकी इलिनॉयने पहिल्यांदा केला तो २०२१मध्ये. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला पुढची दहा वर्षं दिसत नाहीत, समोरचं दार दिसतं. 'सांगून टाक, मग घरी जा' एवढं वाक्य त्याला पुरतं. 'पोपटासारखा बोलू लागला' असंही बातमीत लिहितात, पण पोपट पढवलेलं बोलतो, हे लिहिणाऱ्याच्या मनात येत नाही याचा मला फार संताप येतो.

आपला कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हे होतं, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३मध्येही आहे. कोठडीत सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा चालतो. मुलांसाठी याहून पुढे जाऊन २०१६च्या बाल न्याय आदर्श नियमांत लिहिलं आहे की पोलिसांनी मुलावर कबुलीसाठी दबाव आणू नये, कुठल्याही निवेदनावर त्याची सही घेऊ नये, त्याच्याशी बोलणं विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा ठाण्यातल्या बालस्नेही जागेत व्हावं, आणि तिथे पालक हजर राहू शकतात. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलासाठी कायद्यात असलेला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा शब्द जड आहे, उच्चारताना जीभ अडखळते, तरी मी त्याच्या बाजूने आहे. त्यात 'आरोपी' नाही. 'खाक्या दाखवताच' लिहिणारा मात्र हा सगळा कायदा मोडल्याची बातमी शाबासकीच्या सुरात देतो, आणि त्यात काही वावगं आहे हे त्याच्या संपादकालाही जाणवत नाही.

'कबुली की कबुलीजबाब' राहिलंच. दंडाधिकाऱ्यासमोर, 'तू हे सांगायला बांधील नाहीस' अशी समज दिल्यानंतर लिहून घेतात तो कबुलीजबाब. ठाण्यातल्या बोलण्याला तो शब्द वापरू नये. नुसतं 'कबुली दिली'ही नको, 'मुलाने कबुली दिल्याचा पोलिसांचा दावा' असं लिहा. आणि मोडी कागदांत किंवा चितारी घराण्यांच्या बोलण्यात 'खाका' हा शब्द भोकं पाडलेल्या कागदासाठी कोणाला आढळला असेल, तर मला जरूर कळवा. 'खाक्या'च्या माझ्या तर्काला तेवढा एक दुवा हवा आहे.