तिसऱ्या पानावर अडकलेली कथा आणि इतर प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते, आमची द्राक्षबाग आहे, घरात सासू-सासरे, मिस्टर आणि दोन मुलं. वाचनाचं वेड माहेरपासूनचं, गावातल्या वाचनालयातून पुस्तकं आणते, दिवाळीनंतर त्यांची दिवाळी अंकांची योजना असते ती पण लावते. मला कथा लिहायच्यात. मुलं झोपली की मोबाईलवर नोट्समध्ये टाईप करत बसते, सुरुवात एकदम जोरात होते पण तिसऱ्या पानावर गाडी अडते, तोवर दुसरंच काहीतरी सुचतं आणि जुनं तसंच पडून राहतं. सासूबाईंना वाटतं ही रात्रभर मोबाईल बघते. सोबत नव्या कथेची दोन पानं पाठवलीत. माझ्यात लेखिका होण्यासारखं काही आहे का? आणि रोज लिहिणं कसं जमवू?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : पानं वाचली. पुण्यातला फ्लॅट, बाल्कनी, पाऊस, हातात कॉफीचा मग घेतलेली रिया आणि सिंगापूरला गेलेला नवरा. भाषा स्वच्छ आहे, शुद्धलेखन तर आमच्या ऑफिसातल्या काही जणांपेक्षा बरं आहे, पण खरं सांगू का, कथेपेक्षा मला तुमचं पत्रच जास्त आवडलं. पत्राच्या शेवटी तुम्ही बेदाणा निवडायला येणाऱ्या बायकांबद्दल सहज चार ओळी लिहिल्यात (जागा नव्हती म्हणून वर छापल्या नाहीत), की त्यातली एक जण रोज सुनेबरोबरच्या भांडणाचा पुढचा भाग सांगते आणि तिचा खाडा झाला की बाकीच्यांचा हातच चालत नाही. अहो, हीच कथा आहे ना! ती सून घरी काय म्हणत असेल, ती एक दिवस स्वतःच निवडायला आली तर काय होईल, मला तर आत्ताच जाणून घ्यायचंय.

तुमची गाडी तिसऱ्या पानावर का अडते याचं कारण पण तिथंच आहे असं मला वाटतं. रियाचं आयुष्य तुम्हाला दोन पानांपुरतंच माहितीये, सिरियलमध्ये दिसतं तेवढं. तिसऱ्या पानावर तिला ऑफिसला जावं लागतं, कुणाशी तरी भांडावं लागतं, पैशाचा हिशोब करावा लागतो आणि ते कसं करायचं ते तुम्हाला सुचत नाही. बेदाण्याच्या शेडवरचं मात्र सगळं पाठ आहे, द्राक्षं द्रावणात बुडवून जाळीवर पसरायची, हिरवा माल वेगळा, पिवळा वेगळा, ढगाळ हवा आली की सगळ्यांचे चेहरे कसे होतात, आणि सौद्याच्या दिवशी भाव लागेपर्यंत घरात कोण कुणाशी बोलत नाही. म्हणजे शहरावर लिहूच नका असं नाही हं, गावाकडच्यांनी गावावरच लिहावं असा नियम कुणी केलेला नाही. फक्त एक कथा अशी पूर्ण करा जिच्यात पुढे काय होतं ते तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

आता रोज लिहिण्याचं. बहिणाबाई चौधरींचं नाव अशा वेळी सगळेच काढतात, मी पण काढते पण जरा वेगळ्या कारणासाठी. त्यांना लिहिता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर ओव्या सुचायच्या त्या त्यांच्या मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने लिहून ठेवल्या म्हणून राहिल्या, पुस्तक आलं ते १९५२ साली, त्या गेल्यावर. म्हणजे सुचणारं माणूस घरात होतंच पण टिपणारं पण होतं. तुमच्याकडे टिपायला फोन आहे, त्यातला रेकॉर्डर चालू करा आणि भाकरी करताना नाहीतर बागेतून येताना दोन मिनिटं बोलून टाका, बाई काय म्हणाली, कशी म्हणाली, तिच्याच शब्दात. (बायकांचं बोलणं त्यांच्या नकळत रेकॉर्ड करू नका, तुमचं तुम्ही आठवून बोला.) रात्री त्यातलं जे उपयोगाचं वाटेल ते वहीत उतरवा. हो, वहीतच. एकतर वहीत लिहिताना रीलं मधे येत नाहीत, आणि दुसरं म्हणजे सासूबाईंना सून लिहितेय हे दिसतं. मोबाईल हातात असला की माणूस महाकाव्य लिहित असलं तरी बघणाऱ्याला टाईमपासच वाटतो.

द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, त्या दिवसात लिहिणं होणार नाही, नाही झालं तर नाही, त्याचा त्रास करून घेऊ नका. पण एक पथ्य पाळा, जुनी कथा संपल्याशिवाय नवी सुरू करायची नाही, वाईट संपली तरी चालेल.

वाचनाचं म्हणाल तर योजनेतले सगळे अंक संपवायची घाई नको. एकच आवडलेली कथा निवडा आणि ती परत परत वाचा. पहिल्यांदा मजेत, मग वही घेऊन, की लेखकाने कुठून सुरुवात केली, कुठली गोष्ट मुद्दाम उशिरा सांगितली, माणसं बोलताना काय बोलायचं टाळतात. वाचनालयाच्या अंकावर पेन्सिल चालवू नका, ग्रंथपाल मला शिव्या घालतील.

आणि लेखिका होण्यासारखं काही आहे का, ते दोन पानांवरून मला सांगता येत नाही. कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे, मला पुढे लेखक व्हायचंय. यावर्षी ५० पुस्तकं वाचायचं टार्गेट ठेवलंय, बरीचशी ऑडिओवर डबल स्पीडने ऐकतो. पण महिन्याभरापूर्वीच्या पुस्तकातलं पण काही आठवत नाही. मेमरी वाढवायला काय करू?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : अरे मेमरीला काय झालंय, ती बिचारी डबल स्पीडने पळून दमलीये. टार्गेट सोडून दे. ऐकायचं तर साध्या स्पीडने ऐक, लेखक व्हायचं असेल तर वाक्याचा ठेका कानात बसायला हवा आणि तो पळवून बसत नाही. आवडलेलं एक पान हाताने उतरवून काढ, कंटाळवाणं वाटेल पण स्वल्पविराम कुठे आहे आणि का आहे ते तेव्हाच कळतं.

प्रश्न : मी निवृत्त आहे, कविता करतो. गेल्या सप्टेंबरात सहा दिवाळी अंकांना एकाच मेलमध्ये कविता पाठवल्या, एकाचंही उत्तर नाही. आता एक प्रकाशक पैसे भरा, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासकट पुस्तक काढून देतो म्हणतोय. काढू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, सप्टेंबरात बहुतेक अंक छपाईच्या वाटेवर असतात, साहित्य पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवायचं, आवाहन येतं त्यावर लक्ष ठेवा. पूर्वी निदान 'साभार परत'चं पाकीट तरी यायचं, हल्ली ते पण नाही, मेलला उत्तर येत नाही म्हणजे नकार समजायचा.

प्रकाशकाबद्दल, आयएसबीएनचे वेगळे पैसे लावले असतील तर विचारा कशाचे, कारण भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी तो नंबर फुकट देते, लेखकाला स्वतःलाही अर्ज करता येतो. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा, ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे, म्हणजे घाईने पैसे भरून पुस्तक काढलंत तर तो रस्ता बंद व्हायचा, नियम नीट वाचा. एवढं करून पैसे भरायचेच असतील तर प्रती किती, त्या ठेवणार कुठे, विकणार कोण आणि हक्क कुणाकडे हे कागदावर लिहून घ्या.

आणि ते सहा संपादकांना एकाच मेलमध्ये नका पाठवू, प्रत्येकाला बाकीचे पाचजण दिसतात.