रत्नागिरीतील घर काही महिन्यांसाठी देताना
तुमचे रत्नागिरीतील घर तीन-चार महिन्यांसाठी भाड्याने द्यायचे असेल, तर संकेतस्थळावर जाहिरात टाकण्याआधीच लीव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे घर ठरावीक काळासाठी वापरायला देण्याच्या कराराची, तयारी करावी; महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार हा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते, मध्यस्थाची नव्हे. अनामत रक्कम मात्र स्वतःच्याच खात्यात घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. खरी कसोटी पावसाळ्यात लागते. घर थोडे दिवस बंद राहिले तरी गाद्यांना आणि कपाटांच्या मागच्या बाजूला बुरशी धरते, खाऱ्या हवेने खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजतात. म्हणून घर रिकामे असताना दर आठवड्याला दारे-खिडक्या उघडून, पंखे चालवून, कौलांखालची गळती पाहून त्याच दिवशी फोटो पाठवण्याची अट तुमच्या वतीने घर सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाकडून लेखी मान्य करून घ्यावी.