शंख घरातच आहे, आधी तो काढ

अरे तू जिचं म्युझिक करतोयस ती शॉर्टफिल्म परग्रहावरच्या प्राण्याची आहे म्हणून लगेच सिंथेसायझर उघडून बसू नकोस, आधी १९७९ च्या 'एलियन'चं जेरी गोल्डस्मिथचं म्युझिक दिवे घालवून हेडफोनवर ऐक. नेहमीचा ऑर्केस्ट्रा तर आहेच पण जोडीला शंख आहे, डिजरिडू म्हणजे ऑस्ट्रेलियातलं लांब नळीचं फुंकवाद्य आहे, सर्पंट नावाचं जुनं वेडंवाकडं वाद्य आहे, आणि काही आवाज एकोप्लेक्समधून म्हणजे टेपवाल्या एकोमधून काढलेत, त्यामुळे एकच आवाज लांब लांब जात राहतो आणि अंगावर काटा येतो. एवढं करूनही फिल्ममध्ये त्याचे क्यू म्हणजे सीनसाठी केलेले म्युझिकचे तुकडे इकडचे तिकडे झाले, त्याच्याच १९६२ च्या 'फ्रॉइड' फिल्मच्या म्युझिकमधले तुकडे घुसवले, शेवटी तर हॉवर्ड हॅन्सन या वेगळ्याच संगीतकाराची दुसरी सिंफनी. तेव्हा डायरेक्टरने तुझं काही कापलं तर रुसू नकोस.

एक व्हायोलिनवाला आणि एक चेलोवाली मिळाली तरी बास झालं. बो म्हणजे गज, तो ब्रिजच्या (तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्या) अगदी जवळ घासायला सांग, सूर फाटून काचेसारखा होतो, तेच पाहिजे. मग बोच्या लाकडाने तारांवर टकटक (त्यासाठी चांगला बो कोणी वापरणार नाही, स्वस्तातला आणायला सांग).

मी सदाशिव पेठेत मित्राच्या खोलीत त्याच्या आजीचा पूजेतला शंख रेकॉर्ड केला होता, सूर लागलाच नाही नुसती हवा आली, पण ती दोन ऑक्टेव्ह म्हणजे दोन सप्तकं खाली नेली तर अख्खं यान श्वास घेतंय असं वाटलं. पंखा बंद करायचा राहिला, ती घरघर मात्र शेवटपर्यंत गेली नाही. आणि हो, गणपतीच्या आधी रेकॉर्डिंग ठेवू नकोस, नदीकाठी ढोलपथकांच्या प्रॅक्टिस चालू असतात.