सत्काराची यादी हाती आल्यावर

कार्यक्रमाचं निवेदन तुम्हाला नवीन असेल तर पहिलं काम: मंचावरून घ्यायच्या नावांची यादी देवनागरीत मागा. रोमन यादीतच निम्मा घोळ असतो. राणे आणि साने दोघांच्या शेवटी 'एएनई'च, पण एकात ण, दुसऱ्यात न. काळे-काले, भोळे-भोले यांतलं कोणतं, ते कागदावरून कळतच नाही. तिथे डोळा अडला की जीभ सवयीचं आडनाव घेते. जाधवमधला ज 'जाळ्या'तला, जयंतमधला 'जीवना'तला, हा फरक तर देवनागरीतही दिसत नाही. गोव्याची पोर्तुगीज धाटणीची नावं असतील तर 'एक्स' बहुधा श वाचायचा.

म्हणून शंका आली की कार्यक्रमाआधी त्या माणसालाच विचारा, आणि "बरोबर ना?" असं नको, "तुमचं नाव कसं घ्यायचं?" असं. पहिल्या प्रश्नाला लोक संकोचाने 'हो' म्हणून जातात. ऐकलेलं लगेच मोठ्या अक्षरात लिहा, जोडाक्षरं फोडून, मग दोनदा मोठ्याने म्हणा.

प्रमुख पाहुण्यांचं नाव सहसा चुकत नाही, कारण ते चार जणांनी तपासलेलं असतं. चुकतं ते उत्तेजनार्थ बक्षीसवाल्याचं. कुणाला विचारायची गरज वाटली नाही, ते सभागृहाला बरोबर कळतं. तपासणी यादीच्या तळापासून सुरू करा.