रॉक अँड रोलच्या काळातली संथ प्रेमगीतं आधीच्या पॉप गाण्यांपेक्षा वेगळी कशी?

तुमचं म्हणणं असं की रॉक अँड रोलचा गायक एल्विस प्रेस्ली याच्या, म्हणजे 1950च्या दशकाच्या काळातली संथ प्रेमगीतं त्याआधीच्या पॉप गाण्यांसारखीच वाटतात, मग त्यांना रॉक अँड रोलच्या काळातली म्हणून वेगळं का काढायचं?

वाचून फारसं कळणार नाही, ऐकूनच बघा. त्यासाठी एक गाणं पुरे: अमेरिकन गायक टॉमी एडवर्ड्सचं 'इट्स ऑल इन द गेम'. त्याने ते दोनदा रेकॉर्ड केलं, 1951 मध्ये आणि पुन्हा 1958 मध्ये. गायक तोच, चाल तीच, शब्द तेच, रेकॉर्ड कंपनीसुद्धा तीच, एमजीएम. पहिल्या वेळी गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 18व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि मागे पडलं. दुसऱ्या वेळी ते सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, ब्रिटनमध्येही पहिलं आलं.

मी तबला वाजवतो, त्यामुळे माझा कान आधी लयीकडे जातो. 1951च्या रेकॉर्डमध्ये सगळा भर वाद्यवृंदावर आहे. लय सैल, एडवर्ड्स शब्द लांबवतो आणि वाद्यं त्याच्यासाठी थांबल्यासारखी वाटतात. सुंदर आहे, पण मांडीवर ठेका धरायला जावं तर बोटं चाचपडतात.

आता 1958चं लावा. सावकाश चार मात्रा मोजा आणि प्रत्येक मात्रेत तीन ठोके ऐका. आपण ज्याला तिस्र जाती म्हणतो तेच. धा धी ना, धा ती ना, पुन्हा धा धी ना, धा ती ना: दादऱ्याची दोन आवर्तनं म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला एक बार (त्यांचं एक आवर्तन), बारा ठोक्यांचा. गाणं संथच आहे, पण त्याच्या पोटात एक ठेका सुरू झाला आहे. लय आता खाली पक्की बसल्यामुळे गायक मोकळा झाला. एडवर्ड्स शब्द किंचित मागे ठेवून, अगदी निवांत म्हणतो. रुसवा, न आलेला फोन, मग फुलं घेऊन दारात आलेला प्रियकर, हे सगळं प्रेमाच्या खेळातलंच आहे असं एका मुलीला समजावणारं हे गाणं आहे. ही समजूत मला दुसऱ्या रेकॉर्डमध्येच खरी वाटते.

हे तिहेरी ठोके अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या कृष्णवर्णीय वादकांच्या पियानोवर आधीपासून होते. तिथला गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनो ऐका. प्लॅटर्स या गायकवृंदाच्या 1955च्या 'द ग्रेट प्रिटेंडर'मध्येही तेच आहेत. तुम्ही विचारता तो फरक माझ्या मते मुख्यतः हाच. गिटारचा आवाज किंवा केसांची झुलपं ही नंतरची गोष्ट. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाची लोकप्रिय गाण्यांची 'हॉट 100' यादी ऑगस्ट 1958 मध्ये सुरू झाली आणि तिच्या शिखरावर पोचलेला पहिला कृष्णवर्णीय गायक एडवर्ड्सच होता. याचा उल्लेख फार कमी होतो आणि मला ते खटकतं.

चालीची गोष्ट तर आणखी नवलाची. शाळेच्या इतिहासात पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या नुकसानभरपाईसाठी आखलेली 'डॉज योजना' वाचली असेल. या गाण्याची चाल त्याच योजनेच्या चार्ल्स डॉज यांची. शिकागोचे बँकर, पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष, 1925च्या शांततेच्या नोबेलचे एक मानकरी. त्यांनी 1911 मध्ये हौसेने एक धून लिहिली होती, शब्दांशिवाय. फ्रिट्झ क्राइस्लरसारखा व्हायोलिनवादक ती मैफलीत वाजवायचा. 1951 मध्ये गीतकार कार्ल सिगमनने तिला शब्द दिले आणि त्याच वर्षी डॉज वारले. मूळ धून वाद्यासाठी असल्यामुळे तिच्यात सूर लांब लांब उड्या घेतात. गुणगुणून पाहा, पहिल्याच ओळीत दम लागेल. एडवर्ड्स त्या उड्या अशा घेतो की आपल्याला कळतही नाहीत.

1969 मध्ये एडवर्ड्स वारला, अवघ्या 47व्या वर्षी. पहिल्या क्रमांकावर त्याचं दुसरं गाणं गेलं नाही.

ऐकताना एक काळजी घ्या. गाण्याचं नाव टाकून शोधलं की बहुतेक वेळा 1958चंच समोर येतं, त्यामुळे वर्ष बघून 1951चं वेगळं शोधा आणि ते आधी लावा. दुसरं सुरू झालं की हात मांडीवर ठेवा, पहिल्या ओळीतच बारा ठोके सापडतील.