मुलीच्या हायस्कूलच्या (अमेरिका) कलर गार्डचा (बँडसोबत किंवा गाण्यावर झेंडे फिरवत नाचणाऱ्या गटाचा) व्हिडिओ टाकला तर कॉपीराइटची भानगड होते का? गाणं तर शाळेनंच निवडलंय!

होऊ शकते. आमची झाली आहे.

मुलीच्या विंटर गार्डचा (हिवाळ्यातल्या कलर गार्डचा) जिममधला कार्यक्रम मी हौसेनं फेसबुकवर टाकला आणि साताऱ्याला आईला लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "अरे, पोरी नुसतेच झेंडे फिरवतायत, गाणं कुठाय?" फेसबुकनं आवाज कापला होता. मीही तुमच्यासारखाच चिडलो होतो. शाळेनं परवानगी घेतली असेल ना! घेतली होतीही, पण ती जिममध्ये वाजवण्यापुरती. चित्राला गाणं जोडायची परवानगी वेगळी असते (तिला इथे सिंक लायसन्स म्हणतात) आणि ती कोणी मागितलीच नव्हती.

प्रत्यक्ष सादरीकरणाबाबत अमेरिकेचा कॉपीराइट कायदा बराच उदार आहे. कलम ११० नुसार कलाकारांना आणि आयोजकांना त्या कार्यक्रमाचं मानधन नसेल, आणि तिकीट नसेल किंवा तिकिटाचे पैसे खर्च वजा जाता शिक्षणासाठीच जात असतील, तर बँडला गाणं वाजवायला वेगळी परवानगी लागत नाही. नाटक-म्युझिकलला मात्र ही सवलत नाही. तिथे लायसन्स घ्यावंच लागतं, आणि संवाद परस्पर बदलायचे नाहीत, शूटिंगचं वेगळं विचारायचं, अशा अटी करारात असतात.

बँडमध्ये खरी मेख असते अरेंजमेंटची, म्हणजे गाणं बँडच्या वाद्यांसाठी बसवण्याची. छापील अरेंजमेंट विकत घेतली तर प्रश्न नाही. पण डायरेक्टरनं एखादं पॉप गाणं स्वतः ट्रंपेट-ड्रमसाठी बसवलं, तर आधी प्रकाशकाला विचारायला हवं. नोटेशनच्या झेरॉक्सचंही तसंच. १९७६ च्या मार्गदर्शक सूचनांत एक पळवाट आहे: विकत घेतलेल्या प्रती ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर हाताशी नसतील तर झेरॉक्स चालते, पण नंतर नवी प्रत घ्यायची. आमच्या बूस्टर क्लबात (बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळात) हे "नंतर" कधी उगवत नसे, हे खजिनदार म्हणून कबूल करतो.

कोर्टात गेलं तर शाळा हरतेच असं नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्बँक हायस्कूलच्या शो क्वायरवर (नाचत गाणाऱ्या गायकवृंदावर) ट्रेसोना नावाच्या लायसन्स कंपनीनं दावा लावला होता. २०२० मध्ये नाइन्थ सर्किट या अपील कोर्टानं तो वापर 'फेअर यूज' (परवानगीशिवाय चालणारा वाजवी वापर) ठरवला आणि वकिलांचा खर्चही कंपनीवर टाकला. टेक्सासमधली गोष्ट तर तुमच्या विषयाच्या जवळची आहे. एका हायस्कूलच्या सॉफ्टबॉल टीमनं आणि कलर गार्डनं जिंकण्याविषयीच्या एका पुस्तकातला पानभर मजकूर ट्विट केला. लेखकानं शाळा-जिल्ह्यावर खटला भरला. २०२२ मध्ये फिफ्थ सर्किट अपील कोर्टानं शाळेच्या बाजूनं निकाल दिला.

पण या निकालांच्या भरवशावर राहू नका. दोन्ही शाळांना अपील कोर्टापर्यंत झगडावं लागलं. ह्यूस्टनच्या शाळा-जिल्ह्यानं अभ्यासाच्या मार्गदर्शिकांच्या प्रती काढल्या, तेव्हा २०१९ मध्ये ज्यूरीनं ९२ लाख डॉलरची भरपाई ठरवली होती. नोंदणी झालेल्या एका कलाकृतीमागे कोर्ट साधारणपणे ७५० ते ३०,००० डॉलर लावू शकतं, आणि जाणूनबुजून केलं असेल तर दीड लाखापर्यंत.

आपण गॅदरिंगला कॅसेट लावून नाचत मोठे झालो, म्हणून हे सगळं जाचक वाटतं. पण भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५२ मध्ये शाळेला जी सूट आहे ती प्रेक्षक म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी असतील तोवरच. यूट्यूबवर बघणारं अख्खं जग त्यात बसत नाही.

तुम्ही सीझन सुरू व्हायच्या आधीच डायरेक्टरला विचारा: "या गाण्याची व्हिडिओची परवानगी घेतली आहे का, आणि ती पालकांनी टाकलेल्या व्हिडिओलाही लागू आहे का?" उत्तर ईमेलवर मागा. आमच्या डायरेक्टरीणबाईंनी पहिल्यांदा "आय थिंक सो" म्हटलं होतं, तेवढ्यावर मी थांबलो होतो.